पाठीवरचा हात

पलूसच्या बाजारात शेळ्या घेणारा एक व्यापारी आहे. दात तो नंतर बघतो; आधी अंगठ्यानं शेळीची खालची पापणी ओढून डोळा बघतो. जनावर पसंत पडलं, की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. पण डोळ्याचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर एक शब्द बोलत नाही. शेळीच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो आणि पुढं जातो. मला त्याच्या त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटते.

काल शेळी विकायला गेलो होतो.

"लय वाळलास रं गड्या," तो हसत म्हणाला. मग त्याचं हसू विरलं. "उन्हाकडं तोंड कर."

त्यानं अंगठ्यानं माझी पापणी ओढली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

तो बोलला नाही. माझ्या पाठीवरून त्यानं एकदा हात फिरवला.