दुसरा नमुना

वाडीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी अन्नपदार्थ तपासायचे. मसाले, तेल, दूध, आणि अलीकडे पाकिटातलं मांस. एकदा जवळच्याच एका छोट्या कारखान्याच्या चिकन सॉसेजमध्ये शिसं निघालं. मर्यादेपेक्षा बरंच जास्त. यंत्राची चूक असेल म्हणून मी तोच नमुना पुन्हा लावून पाहिला. आकडा जवळपास तोच.

साहेबांनी कागद पाहिला. "नमुना घेतानाच काही गडबड झाली असेल, मॅडम. दुसरा मागवू."

दुसरा नमुना कारखान्यानंच निवडून पाठवला. त्यात काही निघालं नाही. अहवाल त्याचाच बनला आणि सही मी केली. पहिल्या कागदाचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

घरी येऊन मात्र फ्रिजमधलं त्या कारखान्याचं पाकीट आधी कचऱ्यात टाकलं. ते बरं लगेच सुचलं.

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिची मुलगी तेव्हा दुसरीत होती. भाजीला तोंड लावायची नाही, म्हणून डब्यात रोज तेच सॉसेज, तव्यावर परतलेलं. बाईला ते मीच सुचवलं होतं. "आमच्याकडे तपासायला येतो त्यांचा माल," असं तोऱ्यात सांगितलं होतं.

दोन महिने मी जिन्यात घाईचं सोंग करत राहिले. मग एका रविवारी ती माझा ब्लाउज द्यायला वर आली.

"ताई, पोरीच्या ध्यानातच राहून नाही राहिलं काही. शाळेतली बाई म्हणते, लक्षच नसते. तुमच्या ओळखीचा डॉक्टर आहे काय कोणी?"

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, हेही. ती ऐकत होती, हातातल्या ब्लाउजची घडी पुन्हा पुन्हा घालत.

"तुमाले कधी कळलं हे?"

"दोन महिने झाले."

"तुमच्या घरी आणता अजून?"

"नाही."

"मंग मले काहून नाही सांगितलं, ताई?"

नोकरी, सही, साहेब, असं काहीतरी मी बोलू लागले आणि मध्येच थांबले. ती ब्लाउज खुर्चीवर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीचं रक्त तपासायला मी सोबत गेले. तिनं येऊ दिलं, इतकंच. शिसं वाढलेलं होतं. ते सॉसेजमधूनच आलं की आणखी कुठून, हे डॉक्टरांना सांगता येईना. अभ्यासाचं त्यामुळेच झालं का, तेही नाही. त्यांनी ते खाणं बंद करायला आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं.

त्याच आठवड्यात मी सरकारी खात्याकडे लेखी तक्रार केली. माझ्या वहीतले पहिले आकडे जोडले आणि खोट्या अहवालावरची सही माझीच आहे, हेही लिहिलं. त्यांनी दुकानांतून पाकिटं उचलली, तपासली. कारखान्याला काम थांबवावं लागलं. माझी नोकरी गेली. त्याचं वाईट वाटलं, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मुलीचा दुसरा रिपोर्ट चांगला आला. बाई तो दाखवायला वर आली आणि दारातच उभी राहिली.

"कमी झालं म्हणते डॉक्टर."

"आत या ना. चहा ठेवते."

"नाही ताई, सैपाक व्हायचा आहे," असं म्हणून तिनं माझ्या हातातला कागद परत घेतला आणि जिना उतरली.