विंगेतली पेटी

कापसाच्या हंगामात जिनवरच्या माणसाला मरायलाही सवड नसते, आणि नेमक्या त्याच हंगामात सेलूच्या हायस्कुलानं संगीत नाटक काढलं. मी सरकी काढायच्या त्या जिनवर मुकादम. भोंगा झाला की केसांतली रुई न झटकता शाळेकडं पळायचो. पडदा ओढायचा मान माझा होता! दोरी हातात आली की गावाचा राजा मीच.

"लेकराला ताप हाय, अन् तुमी पडदे ओढायलाव," बायको म्हणायची. खरंच होतं. तरी मी पळायचो.

रुईच्या गाठी रचून स्टेज केलेलं, जिनचीच ताडपत्री पडद्याला. माझ्या शेजारी विंगेत पेटी घेऊन बसायचे ते उर्दूचे मास्तर. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि त्यांना शिकवायला वर्गच उरला नाही. पोलिस अॅक्शनच्या धामधुमीत त्यांच्या घराची दारं कुणीतरी उचकटून नेली. तिथं अजून गोणपाट लटकत होतं. तरी त्यांना गाव सोडायचं नव्हतं. शाळेत संगीताच्या मास्तराची जागा निघणार होती. हेडमास्तर म्हणाले होते, "नाटक होऊ द्या. इन्स्पेक्टरसाहेब खूश झाले की तुमचं नाव मी सुचवतो." जागा मिळाली तर राहायचं, नाही तर हैदराबादला मेहुण्याच्या दुकानात कापड फाडत बसायचं.

आता गंमत बघा. नांदीला पेटीवर उर्दूचे मास्तर दिसले तर पुढच्या रांगा उठून जातील, अशी हेडमास्तरांना धास्ती. म्हणून स्टेजसमोर बसवले चित्रकलेचे तरणे मास्तर. पुढ्यात शाळेची पेटी, तिचा भाता उंदरांनी खाल्लेला. त्यांनी नुसती बोटं नाचवायची, सूर विंगेतून. हा गडी डोळे मिटून अशी मान हलवायचा की एखाद्या गवयानं त्याच्याकडून गंडा बांधून घ्यावा.

"मास्तरसाब, तुमच्यापेक्षा तुमचं भूत झ्याक वाजवतंय," मी म्हणालो.

"भूत को पगार नै लगती, मियां."

साहेबांना संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून प्रयोग भरदुपारी लावला. पहिल्याच पदाला वन्समोर! नायिका झालेल्या पोराचा आवाज मधेच फाटला, पण पेटीनं तो असा उचलून धरला की कुणाला कळलंसुद्धा नाही. शेवटचा पडदा पडला. टाळ्या. मी तर नाचायचाच बाकी होतो.

साहेब उठले. "नाटक ठीक आहे. पण पेटी! ती जरा नुसती ऐकवा."

ताडपत्रीच्या फटीतून मी पाहिलं. हेडमास्तरांचा चेहरा चुन्यासारखा पडलेला. चित्रकलेचे मास्तर मेलेल्या पेटीवर हात ठेवून विंगेकडं बघायलेत.

"मास्तरसाब, वाजवू नका," मी कुजबुजलो. "नसता मीच ताडपत्री ओढतो. दिसू द्या साहेबाला."

त्यांनी दोरीवर गुडघा दाबून धरला. "पागल हो क्या? हेडमास्तरांची अब्रू जाईल. माझ्यासाठी बोलणारा तोच एक हाय."

आणि ते वाजवू लागले. काय वाजवलं, ते सांगायला मी गवई नाही. जिनवरून आलेले हमालही उभ्याचे खाली बसले.

साहेब खुशीत आले. त्यांनी चित्रकलेच्या मास्तरांच्या गळ्यात स्वतःचा हार घातला आणि सगळ्यांसमोर हेडमास्तरांना म्हणाले, "घरात सोनं असून तुम्ही संगीताला नवा माणूस मागता? चित्रकला आणि संगीत, दोन्ही हेच बघतील. जागा काढायची गरज नाही."

हेडमास्तरांनी एकदा विंगेकडं पाहिलं. मग म्हणाले, "होय साहेब."

विंगेत मी मास्तरांकडं बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. पेटीची कडी लागल्याचा आवाज तेवढा आला.

साहेबांना टांग्यात बसवून हेडमास्तर मागं आले. "मास्तर, मी परभणीला साहेबांच्या कचेरीत जाऊन बोलतो."

"बोला," मास्तर म्हणाले.

मग चित्रकलेचे मास्तर आले, गळ्यात हार तसाच. रडकुंडीला आले होते. "मास्तरसाब, मला सा कुठला तेसुद्धा कळत न्हाई. सोमवारी तास हाय. पेटी ठेवून जाताव का?"

मास्तरांनी त्यांना न्याहाळलं. मला वाटलं, आता हाणतात.

"पेटी न्हाई देणार, मियां," ते म्हणाले. "सा दाखवतो. बस."

आणि कडी पुन्हा उघडली. मला जिनवर परतायचं होतं, भोंगा झाला होता. पण त्यांच्याखालच्या गाठीही मलाच न्यायच्या होत्या. त्यांना उठा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. बाहेर हमाल बोंबलत होते, "मुकादम, गाडी भरायचीय!" आत एकच सूर, पुन्हा पुन्हा, आधी नीट आणि मग चुकत.

हैदराबादच्या गाडीत मास्तरांच्या मागं पेटी मीच चढवून दिली.