आईच्या हातातलं बटण

आईच्या गर्भाशयात गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण अंगावरून फार जायचं, आणि तिला पिशवी काढायची नव्हती. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पुण्याला पाठवलं. तिथे पोट न कापता, बाहेरूनच ध्वनिलहरी एका जागी एकवटून गाठ तापवून मारणार होते.

आटपाडीकडच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. साताऱ्यात फिजिक्स शिकते, म्हणून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"म्हंजी डागच की," आई म्हणाली. लहानपणी पोट दुखायचं म्हणून तापल्या सळईने दिलेल्या डागांचे वण तिच्या पोटावर आहेत.

"डाग नाही गं. आत किती तापलंय ते एमआरआयच्या चित्रात रंगानं दिसतं. जास्त झालं की थांबवतात."

"डाग देणाऱ्या म्हाताऱ्यालाबी दिसत हुतं की. मी वरडले न्हाई, म्हणून त्यानं आणिक एक दिला."

ती हसली. मी हसावं की नाही, कळेना.

दवाखान्यात तिला पालथं झोपवलं. पूर्ण भूल नव्हती. हातात एक बटण दिलं: चटका बसला की दाबायचं, सगळं थांबेल.

"सर, ती दाबणार नाही," मी डॉक्टरांना हळूच म्हटलं.

"आम्ही बघतोय ना इथून."

मला काचेअलीकडे स्क्रीनजवळ उभं राहू दिलं. राखाडी पोटात तांबडा ठिपका उमटायचा, विझायचा. यंत्र प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून तापमानातला फरक काढतं, त्यामुळे पेशंट हलला की आकडे चुकतात, असं तंत्रज्ञ म्हणाला. म्हणजे आईनं हलायचं नाही, आणि सोसायचंही नाही. हे एकदम कसं जमवायचं?

मग एकदा रंग गाठीबाहेर, कातडीकडे सरकला. डॉक्टरांनीच थांबवलं आणि माईकवर विचारलं, "मावशी, भाजतंय का?"

"वाईच."

"मग बटण?"

"तुमी बघताय न्हवं? पोरगी म्हनली तसं."

मी माईक मागून घेतला. "आई, चित्रात तुझं दुखणं दिसत नाही. तूच दाब." हे कितपत बरोबर होतं, मला नक्की ठाऊक नव्हतं.

"बरं."

पुन्हा सुरू झालं, आणि लगेच बंद पडलं. तिनं बटण दाबलं होतं. चित्रात तर सगळं जागच्या जागी होतं. मी पुन्हा माईक घेतला.

"आई, काय झालं?"

"काई न्हाई. थांबतंय का बघितलं."