भिंगरीचं इंजिन ठरेना

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. साहेबही म्हणत, आणि तेही तोंडावर. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायची, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, तिथून तळाच्या खड्ड्यात उतरायचं, हात पुसतोय न पुसतोय तोच दुसऱ्या इमारतीतून फोन. पायाला भिंगरी लागलेला माणूस, दुसरं नाव देणार तरी काय? त्यालाही ते आवडायचं. मग तो निवृत्त झाला आणि वर्षभरातच बायको गेली.

तेव्हापासून तर विचारूच नका. नळ गळत नसला तरी उघडून वायसर बघायचा. पंखा बरा चाललेला असायचा, तरी शिडी लावून चढायचा. टीव्ही लावायचा तो उभ्याने बघायला, आणि जेवायचा तोही ओट्यापाशी उभा राहून. घर गप्प झालं होतं, आणि त्या गप्प घरात बसायची त्याला भीती वाटायची. साधं कारण, पण हा गृहस्थ ते कुणाला सांगेल तर शपथ!

अशा माणसाच्या डोक्यात गाडीचं खूळ शिरलं. साधीसुधी नाही, मोठी, ऐटबाज, चामड्याच्या सीटची सेडान. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनी. पैसेवाले लोक अशा गाड्यांना लवकर कंटाळतात आणि मग त्या आपल्या आवाक्यात येतात, एवढं त्याने हेरून ठेवलं होतं. कारण विचारलं की म्हणायचा, "पाठ धरते. छोट्या गाडीत लांबचा प्रवास झेपत नाही."

"पण लांब जायचंय कुठे तुम्हाला, भाऊजी?" मेहुण्याने विचारलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ग्रंथालयात कामाला, थंड डोक्याचा, हळू बोलणारा.

"आहेत कामं."

कामं कसली डोंबलाची! लेक होती. एकुलती एक, लग्न होऊन डोंगरापलीकडच्या शहरात गेलेली. सकाळी निघालं तर उन्हं कलताना पोहोचायचं. दर पंधरवड्याला तिच्याकडे जावं असं त्याच्या मनात होतं. पण तिने स्वतःहून "बाबा, ये" असं म्हटलं नव्हतं. मागच्या खेपेला तो निघाला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता आणि नंतर फोनवर बोलणं उरलं ते जेवलास का, जेवलीस का, एवढंच. येऊ का म्हणून विचारावं, तर नाही म्हणाली म्हणजे? त्या एका शब्दाच्या धास्तीने याने विचारणंच सोडून दिलं. आधी गाडी दारात येऊ दे, मग जाणं आपोआप होईल, अशी स्वतःची समजूत घालून बसला. बसला कसला, फिरत राहिला.

घोडं अडलं ते इंजिनावर.

जुन्या गाड्यांच्या आवारात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. रंग तोच, साल तेच, आतलं चामडंही तेच. एक पेट्रोल, एक डिझेल. डीलरने चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "रनिंग किती होणार, काका?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाजार, बँक, दवाखाना एवढंच फिरणार असाल तर निमूट पेट्रोल घ्या. लांबचा हायवे असेल तर डिझेल. डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते. गाडी लांबवर, वेगात पळाली की ती काजळी जळून जाते. गल्लीबोळात फिरवत राहिलात तर तुंबते. मग गाडी घेऊन याल माझ्या दारात आणि मला शिव्या घालाल."

"लांबचंच आहे," भिंगरी ठासून म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे बहुतेक. नसेलही."

डीलरने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने आभाळाकडे बघितलं.

आधी पेट्रोलची चालवून बघितली. भिंगरीने किल्ली फिरवली, काही ऐकू आलं नाही. म्हणून त्याने पुन्हा फिरवली. खर्रर्र असा आवाज झाला की आवारातली माणसं वळून बघायला लागली.

"अहो काका, चालू आहे ती! चालूच आहे!"

"मग तिने सांगायचं नाही का?" हा उलट तिच्यावरच डाफरला.

रस्त्यावर गाडी लोण्यासारखी गेली. मेहुणा खूश. पण भिंगरीची चुळबुळ थांबेना. काच खाली कर, वर कर, मान वाकवून ऐक. शेवटी चिडून म्हणाला, "ही चालते की नाही तेच कळत नाही. घरी काय कमी शांतता आहे, ती विकत घेऊ?" बोलून गेला आणि ओशाळला.

डिझेलची मात्र टकटक करत जागी झाली, मग आवाज खाली बसला. चढावर पाय नुसता टेकवला तर हिने याची पाठ सीटला चिकटवली. "ही बोलते बघ!" म्हणत गडी पोरासारखा हसला. आता घेईल असं वाटलं. तोच त्याच्या मनात पाल चुकचुकली. लेकीने येऊ नको म्हटलं तर? एवढं दांडगं इंजिन घेऊन भाजी आणायला जायचं? ती जाळी तुंबणार, गाडी दारात नुसती उभी राहणार, आणि येता-जाता रोज आठवण करून देणार की तुला जायला जागा नाही. तो उतरला आणि पुन्हा पेट्रोलच्या गाडीभोवती फिरायला लागला.

असं तळ्यात-मळ्यात कितीतरी दिवस चाललं. रोज सकाळी हा हजर. रोज दोन्हींचं बॉनेट उघडायचं, वाकून बघायचं, मान हलवायची. डीलरच्या नाकीनऊ आले. "काका," तो हात जोडून म्हणाला, "लग्नाआधी मी माझ्या बायकोलासुद्धा इतक्या वेळा बघितलं नव्हतं हो!"

मेहुण्याचा संयम दांडगा, पण एके दिवशी तोही सुटला. "भाऊजी, पुरे झालं. हा इंजिनाचा प्रश्नच नाही. रनिंग किती ते या बिचाऱ्याला काय माहीत? ते पोरीला विचारा. लावा फोन. आत्ताच्या आत्ता."

भिंगरीने खूप आढेवेढे घेतले. ती कामात असेल, झोपली असेल, संध्याकाळी बघू. मेहुणा हलेना. शेवटी भिंगरीने फोन लावला आणि गाड्यांभोवती तरातरा चालायला लागला.

"गाडी घेतोय," तो म्हणाला.

"कळलं. मामा म्हणाला."

"पेट्रोल घेऊ की डिझेल?"

"रनिंग किती आहे?" लेकीने विचारलं. शेवटी बापाचीच पोर ती!

भिंगरी थांबला. खरोखरच थांबला, दोन गाड्यांच्या मधोमध. "ते तुझ्यावर आहे गं. तू ये म्हणालीस तर डिझेल. नाहीतर पेट्रोल."

फोन तुटला की काय म्हणून त्याने कानावरचा काढून बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "मागच्या वेळी आलास तेव्हा काय काय केलंस, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? दाराच्या बिजागऱ्या, गिझर, कपाटाचा खण..."

"आणि आईचं नाव निघालं, मी रडायला लागले, तेव्हा?"

त्याने समोरच्या गाडीचा आरसा बाहीने पुसायला घेतला.

"तेव्हा तू उठलास आणि बिजागऱ्यांना तेल घालायला गेलास. मी इकडे रडतेय आणि तू पाठमोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तर निघूनही गेलास. माझं घर म्हणजे काय बंद पडलेली लिफ्ट आहे का रे?"

"मला बसता येत नाही," भिंगरी म्हणाला. "बसलो की ती समोर येते. मग काय करायचं ते मला कळत नाही गं."

"मलाही कळत नाही. आणि मला तर उठून दुरुस्त करायलाही काही उरत नाही, सगळं तू करून ठेवलेलं असतंस." ती हसली की रडली, ते त्याला समजलं नाही. "म्हणून मी ये म्हणत नव्हते, बाबा. तू येतोस आणि मी जास्तच एकटी पडते."

"मग पेट्रोल घेतो," तो कसाबसा म्हणाला.

"डिझेल घे. पण आलास की माझ्यासमोर बसायचं. मी आईबद्दल बोलेन. तू नाही बोललास तरी चालेल, पण उठून जायचं नाही."

"आणि उठावंसं वाटलं तर?"

"तर रड ना, बाबा."

फोन ठेवला गेला. मेहुणा धावत जवळ आला. "काय म्हणाली? भाऊजी, काय म्हणाली ती?"

भिंगरीने नुसतं डिझेलच्या गाडीकडे बोट केलं. सवयीने तो पाठ फिरवायला गेला, पण मग फिरवली नाही. आवारात डीलर होता, गिऱ्हाइकं होती, तरी तो मेहुण्याच्या तोंडासमोर उभा राहून रडला.