मी न तपासलेली गाठ

आधी काकूंचं सांगतो, मग काय झालं ते. काकू मुलुंडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि साठी ओलांडल्यावरही दर रविवारी कमरेला दोर बांधून कातळ चढणाऱ्या. त्यांचा ग्रुप आमच्या चंद्रपूरकडच्या गावामागचा कडा चढायला आला होता. मी वाट दाखवायला गेलो आणि हौसेने त्यांच्या मागोमाग चढलो. खाली आल्यावर काकू म्हणाल्या, "मुंबईला ये. दर रविवारी चढशील." नुसतं बोलून थांबल्या नाहीत. कारखान्यात पॅकिंगचं काम बघून दिलं, राहायला खोली बघून दिली.

आई म्हणाली, "लोकं मुंबईले पोटासाठी जातात, अन् तू दगडं चढाले चालला?"

गावात राइस मिलचं काम होतंच. तरी मी पिशवी भरली. नववीत शाळा सोडली तेव्हाही तिचं ऐकलं नव्हतं.

दोर वर कातळातल्या कडीतून फिरून खाली येतो, एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली धरणाऱ्याकडे. ग्रुपचा एक नियम आहे. खाली दोर धरणाऱ्याने चढणाऱ्याच्या कमरेची गाठ हाताने ओढून बघायची, चढणाऱ्याने धरणाऱ्याच्या पट्ट्यातला दोर बघायचा. नुसतं डोळ्यांनी बघणं चालत नाही. मी सगळ्यांची गाठ ओढायचो, फक्त काकूंची नाही. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला हात कसा लावायचा? आणि ज्यांनी मला गाठ मारायला शिकवलं त्यांचीच तपासायची? मी लांबूनच "ओके काकू" म्हणायचो. त्याही हसून चढायला लागायच्या.

त्या रविवारी त्या गाठ मारता मारता मध्येच थांबल्या.

"नाश्ता केलास का रे?"

मी दोराचा गुंता सोडवायला लागलो.

"म्हणजे नाहीच." त्यांनी पिशवीतून थालीपिठाचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि मी खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग मी हात पुसले, दोर घेतला, म्हणालो, "ओके काकू."

त्या तिसाएक फुटांवर पोचल्या तेव्हा मला त्यांच्या कमरेशी दोराचं टोक लोंबताना दिसलं. दोर पट्ट्यातून नुसता ओवलेला होता. गाठ पुरी झालीच नव्हती. मी दोर ओढला तर तो निसटणार, त्यांनी अंग मागे टाकलं तर त्या खाली येणार. माझ्या हातात दोर होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"काकू, हात सोडू नका. गाठ अर्धीच आहे."

"कुणाची?"

"तुमची."

त्यांनी मान वाकवून कमरेकडे बघितलं. मग, "बरं. ओरडू नकोस, मला घाबरायला होतं."

ग्रुप चालवणारे दादा दुसरा दोर घेऊन बाजूच्या वाटेने वर धावले. त्या वाटेला दहा मिनिटं तरी लागतात. काकूंचा डावा पाय बोटभर खाचेत टेकलेला होता, मला खालून दिसत होता. मला देवाचं नाव आठवेना.

"बोल रे काहीतरी," वरून आवाज आला.

"काय बोलू?"

"थालीपीठ कसं झालं होतं?"

"मीठ कमी होतं, काकू." तोंडातून निघून गेलं.

"मेल्या, खाली येऊ दे मला!" त्या म्हणाल्या.

शेवटी दादा दुसऱ्या दोरावरून त्यांच्यापर्यंत उतरले, त्यांना स्वतःच्या पट्ट्याला अडकवून घेतलं आणि खाली आणलं. जमिनीवर पाय टेकताच माझ्याकडे वळले.

"गाठ ओढली होतीस?"

"नाही."

"मग पुढच्या रविवारपासून यायचं नाही."

त्या एका वाक्यात माझी मुंबई संपली. रविवार नाही तर मी इथे खोके कशाला भरत बसू? मी पट्टा काढायला लागलो. बोटांना बकल सुटेना.

काकू जमिनीवर बसल्या होत्या, बोटं सोलवटलेली. म्हणाल्या, "त्याचा दोर मी तरी कुठे बघितला? त्याला काढणार असशील तर मलाही काढ."

दादा दोर गुंडाळत राहिले, मग तो त्यांनी माझ्या खांद्यावर अडकवला.

आता मी दर रविवारी काकूंच्या गाठीला हात घालून जोरात ओढतो. "अरे, पाडशील मला," त्या म्हणतात. माझ्या तळहाताला मात्र अजून घाम येतो.

आमच्या गावचा कडा त्यांचा त्या वेळी अर्धाच राहिला होता, गुडघा दुखला म्हणून. गुडघा आता जास्तच दुखतो. काकू, तो कडा मी तुम्हाला पुरा चढवणार. खालचा दोर माझ्या हातात असेल, आणि आधी तुमची गाठ ओढून बघेन.