जन्मतः की नंतर

वन्संबद्दल या वहीत आजवर मी ओळ-दोन ओळीच लिहिल्या. आज उशिरा आल्या, आज सर्दी आहे, एवढंच. आज सवडीनं लिहिते. देवा, लिहिताना माझ्या हातून कुणाची निंदा होऊ देऊ नकोस.

वन्स म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. वय सत्तावन्न, लग्न नाही. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या नोंदणी खोलीत काढली. तळमजला, कुरकुरणारा पंखा, भिंतीला लोखंडी मांडण्या. काम असं, की डॉक्टरांनी कागदावर लिहिलेल्या आजाराचा ठरलेला कोड शोधायचा आणि संगणकात घालायचा. शेजारीण एकदा म्हणाली, "कोड म्हणजे अंगावर पांढरे डाग पडतात तेच का हो?" वन्स म्हणाल्या, "हो, आणि मी ते दिवसाला ऐंशी जणांना लावते." ती आठवडाभर आमच्याकडे चहाला आली नाही.

वन्संना केस नाहीत. भुवयाही जेमतेम. डोक्याला कायम रुमाल. सासूबाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "दीड वर्षाची होती, मोठा ताप आला, त्यात सगळे गेले. काळेभोर होते हो!" लग्न होऊन आल्यापासून मीही हेच ऐकलं आणि पुढं तिखटमीठ लावून सांगितलं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीला मुलगी झाली. डोकं तुळतुळीत. येतील, येतील म्हणता आठ महिने गेले. विहीणबाईंनी लेकीचं जिणं नकोसं केलं. "पोटुशी असताना डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्यास, आता भोग. आमच्या घराण्यात असलं काही नाही." लेक जेवेनाशी झाली. एके दिवशी मला म्हणाली, "आई, मीच केलं का गं हे?" मी देवापुढं बसले, दुसरं काय येतं मला?

तिला नि बाळाला घेऊन वन्संच्याच इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला जन्मापासून असं आहे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही. हिच्या आत्याचे केस गेलेत, पण तापात." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, आणि बाळाच्या आजारापुढं 'जन्मतः की नंतर, नक्की नाही' असं लिहिलं.

तो कागद वन्संच्या टेबलावर आला. नातेवाइकांचा कागद आपण करायचा नाही, शेजारच्या टेबलाला द्यायचा, असा तिथला नियम. त्यांनी दिला, पण वाचून दिला. संध्याकाळी पर्सही न ठेवता स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, ताप कुणी सांगितला?"

"मीच. खरं आहे ना ते?"

"मला काय ठाऊक? मी दीड वर्षाची होते." त्या पाटावर बसल्या. "आमच्याकडे जन्मतः नसलेले केस एका खणात, नंतर गेलेले दुसऱ्यात. परवा पोरीच्या भुवईवरून बोट फिरवलं, तर माझीच भुवई हाताला लागली."

"मग सासूबाईंना विचारा की, जन्मतःच नव्हते ना म्हणून."

"असं नाही विचारायचं. कागदात शंका आली की आम्ही डॉक्टरांना चिठ्ठी जोडतो. तिच्यात उत्तर सुचवायचं नाही. नाहीतर माणूस सुटका करून घ्यायला होला हो म्हणतो."

सासूबाई खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वय एक्क्याऐंशी, कान अजून तिखट.

"आई, माझे केस कधी गेले?"

"शंभरदा सांगितलंय. ताप आला तेव्हा."

"त्याआधी कसे होते?"

सासूबाईंनी एकाच टॉवेलची तीनदा घडी घातली. मग म्हणाल्या, "नव्हते. एकही नव्हता. येतील म्हणून वाट बघितली. मग ताप आला, तेव्हा वाटलं, देवानंच सबब धाडली. आजारानं गेले म्हटलं की लोक हळहळतात. जन्मतः नाहीत म्हटलं की आईच्या पोटाकडं बघतात. आणि तुला उजवायची होती."

"उजवलीस?" वन्संनी आवाज चढवला नाही. "आई, तापात तू मला वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस, म्हणून माझे केस गेले, असं धरून मी जन्मभर मनात तुला दोष देत आले."

"ठाऊक होतं मला," सासूबाई म्हणाल्या. "तो दोष पेलत होता."

दुसऱ्या दिवशी वन्स आपणहून डॉक्टरांपुढं बसल्या, रुमाल सोडला, बाळाला मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी दोघींना तपासलं, जुनी ओळ खोडली, बाळाला हे जन्मतःच असल्याचं आणि आईच्या आत्यालाही तेच असल्याचं लिहिलं. गोळ्यांचा संबंध दिसत नाही, असंही म्हणाले. कोड बदलला, अर्थात शेजारच्या टेबलावर. तिथून वन्स थेट विहीणबाईंकडे गेल्या. मी मागोमाग.

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे खोट तुमच्याच घराण्यात निघाली!"

"हो, आमच्याच. हिच्या गोळ्यांत नाही. एवढंच सांगायला आले."

त्या दिवशी माझी लेक दोन वेळा जेवली. बाळाला केस येतील की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

घरी मात्र मायलेकींचं बोलणं बंद. परवा सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "तिला सांग, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही."

मी सांगायला गेले, तर वन्स म्हणाल्या, "ऐकलं मी. भिंत पातळ आहे."

"मग जा ना त्यांच्याकडं."

"जाईन."

आज अकरावा दिवस. दोन खोल्यांमध्ये सात पावलांचं अंतर. सासूबाईंना उठून येववत नाही, वन्संना उठून जाववत नाही. देवा, मी दोघींची ताटं एकाच वेळी वाढते आणि दोन खोल्यांत नेऊन देते.