गाळलेल्यांचा ढीग

पहिल्या दिवशी ती आमच्या घरी आली तेव्हा तिने आधी गरम पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारले. स्वयंपाकघरात उभी राहून हात शेकले, पुसले, स्वतःच्या गालाला लावून पाहिले आणि मगच बायकोच्या पाठीला हात लावला. तोवर आलेल्या सिस्टर चांगल्याच होत्या, पण हात सगळ्यांचे गार. ती गेल्यावर बायको मला म्हणाली, "हिला बदलू देऊ नका हो."

बायकोच्या कमरेचे हाड मोडले होते. अंथरुणावर पडून पडून पाठीला जखम झाली होती, आणि घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या एका केंद्राकडून रोज सिस्टर यायची. ही वर्षभर आली. मला सर म्हणायची, बायकोला काकू. मग एका अवजड आजोबांना कुशीवर वळवताना तिचीच पाठ धरली. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. केंद्राच्या मुख्य बाईंनी तिला तीन महिन्यांसाठी कार्यालयात बसवले. कोणत्या सिस्टरने कोणाकडे जायचे, हे रोज सकाळी ठरवायचे. जमले तर कायम, नाहीतर घरी.

"घरी बसून मी काय करू, सर?" ती फोनवर म्हणाली. "मला रविवारीसुद्धा भांडी घासताना वाटतं, कोणाची तरी पट्टी राहिली."

कार्यालयातले काम किचकट होते. रुग्णांची नावे तीन ठिकाणांहून यायची, एकच माणूस दोन याद्यांत असायचा, आणि हे सगळे हाताने जुळवेपर्यंत सिस्टर खांद्याला पिशव्या लावून ताटकळत बसायच्या. तिची नणंद प्रोग्रामिंग करते. घरी ती वहिनीला घेऊन बसली.

"वहिनी, स्वल्पविराम विसरलीस."

"अगं, एका स्वल्पविरामासाठी एवढं रागवायचं?"

"मी कुठे रागावतेय? मशीन रागावतंय. माझ्या भावापेक्षा बरं आहे, निदान कोणत्या ओळीवर रागावलं ते तरी सांगतं."

नणंदेच्या मदतीने दोन महिन्यांत तिने यादीवर काम करणारी छोटी छोटी फंक्शन्स, म्हणजे कॉम्प्युटरला नेमून दिलेली कामे, लिहिली. एकदा मला हौसेने समजावूनही सांगितले. तिचा नियम असा, की एका फंक्शनने एकच काम करायचे, आणि ती सगळी एका फाइलीत ठेवायची, म्हणजे रोज नव्याने लिहावी लागत नाहीत. 'जोड' तीन याद्यांची एक यादी करते. 'एकदाच' दोनदा आलेला माणूस एकदाच ठेवते. 'वाटे' त्या यादीचे सिस्टरांमध्ये वाटे घालते. आणि 'उरलेले' दिवसाच्या यादीतून भेट झालेल्यांना वजा करते. संध्याकाळी पडद्यावर नुसता रिकामा कंस दिसला, की कोणी उरले नाही, घरी जायचे. एकाच नावाची दोन माणसे असू शकतात, म्हणून माणसाची ओळख तिने फोन नंबरावरून ठरवली होती. मला तर ते फारच शहाणपणाचे वाटले. सिस्टर तिला यादीवाली म्हणून चिडवू लागल्या, पण पिशव्या उचलून वेळेवर निघूही लागल्या.

तीन महिने संपायला आठवडा उरला होता. त्या दिवशी आमच्याकडे कोणीच आले नाही. चार वाजता बायकोची पट्टी भिजली आणि तिला कळ सहन होईना. मी केंद्रात फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, आज राहिलेलं कोणी दिसत नाही."

"मग आमची ही कोण?"

तिने फोन यादीवालीकडे दिला. मी सांगितले, ते तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "सगळ्या सिस्टर लांब गेल्यात. मी येते."

पाठीला पट्टा आवळून ती दोन जिने चढून आली. दारात पाच मिनिटे भिंतीला टेकून उभी राहिली, पण पाणी घेईना. बायकोला कुशीवर वळवायचे काम तिने माझ्याकडून करून घेतले, जखम स्वतः धुतली.

"सकाळी सिस्टर आली होती की गं," बायको उशीत तोंड खुपसून म्हणाली. "पाय वाजले जिन्यात. सरळ वर गेली."

"वर कोण राहतं?"

"आजी आहेत एक. आजपासूनच त्यांना सुई टोचायला येऊ लागल्यात तुमच्याकडून."

"त्यांनी फोन नंबर कोणाचा दिलाय?"

"आमचाच," मी म्हणालो. "त्यांना ऐकू कुठे येतं?"

हातमोजे घातलेले दोन्ही हात तसेच वर धरून ती थांबली. एक नंबर, म्हणजे तिच्या फंक्शनच्या लेखी एक माणूस. नंतर आलेले ठेवायचे, आधीचे काढायचे. आजी राहिल्या, बायको गेली. आणि 'उरलेले' त्याच कमी झालेल्या यादीतून वजाबाकी करत होते, म्हणून तिथेही कोणी उरलेले दिसेना.

"काकू, मी तुम्हाला गाळलं," ती म्हणाली.

"गाळलंस तर गाळलंस. आता पट्टी घट्ट नको लावूस."

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

ही चूक आम्हा दोघांना आणि फोनवरच्या मुलीला ठाऊक होती. नणंदेने घरी सांगितले, "दुरुस्त कर आणि गप्प बस, वहिनी. आठच दिवस राहिलेत." पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुख्य बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सगळे सांगून मोकळी झाली.

दोन दिवसांनी बाई स्वतः आमच्याकडे आल्या. खुर्ची बायकोजवळ ओढून म्हणाल्या, "तुमची तक्रार असेल तर मोकळेपणी सांगा. मला तिच्याबद्दल ठरवायचंय."

"आहे ना तक्रार," बायको म्हणाली. "तिची पाठ अशी, आणि तिला दोन जिने चढावे लागले. तुमच्याकडे दुसरं माणूस नाही का एखादं?"

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनीच सांगितले. 'एकदाच' आता गुपचूप काही काढत नाही. ते दोन ढीग करते, ठेवलेल्यांचा आणि गाळलेल्यांचा. गाळलेल्यांचा ढीग आधी पडद्यावर येतो. त्यातल्या प्रत्येक नावाला माणसाने होकार दिल्याशिवाय वाटे पडतच नाहीत. "काल मीच बसले होते शेजारी," बाई म्हणाल्या. "पहिलंच नाव तुमचं आलं. ती म्हणाली, बाई, तुम्ही ठरवा. मी म्हटलं, अगं, ठेव त्यांना."

"ठेवलंत ना? मग तिलाही ठेवा," बायको म्हणाली.

बाईंनी पुढ्यातला कप उचलला. चहा पूर्ण प्यायल्या आणि मगच उठल्या.

त्यानंतर बायकोची जखम भरेपर्यंत एकही दिवस चुकला नाही. त्याला पाच महिने लागले. आता बायको काठी धरून खिडकीपर्यंत जाते. त्या पाच महिन्यांत जेवढ्या सिस्टर आमच्या दारात आल्या, तेवढ्या यादीवालीने कुठल्याशा खोलीत बसून पाठवल्या होत्या. मी आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली, गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण केली की माझे काम संपायचे. ही मात्र गैरहजराला आधी समोर बसवते आणि का नाही आलास ते विचारते. तिचे आभार कसे मानावे ते मला अजून नीट सुचलेले नाही. फोन केला की ती पहिल्यांदा काकूंची पाठ विचारते, आणि मी जे बोलायचे ठरवलेले असते ते राहूनच जाते.

केंद्राने तिला कायम केले. शेजारच्या दोन केंद्रांतही तिचीच फाइल वापरतात, आणि दर गुरुवारी ती तिथल्या मुलींना शिकवायला जाते.